मोटार गूं करते पण उचलत नाही? व्होल्टेज कुठं मरून राहिलं ते स्वतः शोधा

चन्याला पहिलं पाणी द्यायची वेळ आली की मला रोज एक तरी फोन येतोच, "भाऊ मोटार गूं करून राहिली, उचलत नाही, डीपीवरूनच व्होल्टेज नाही येऊन राहिलं." डीपी म्हणजे लाईन देणारा ट्रान्सफॉर्मर. मी आयटीआय करून गावातच वायरमनकी करतो, यवतमाळ जिल्ह्यात, आणि दरवेळी माझा पहिला प्रश्न हाच असतो की व्होल्टेज मोजलं कधी, मोटार बंद असताना की चालू असताना? बहुतेक जण म्हणतात बंद असताना. मग ते मोजणं वाया गेलं. ते वाया का गेलं हे ज्याला समजलं त्याला व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स तिघांचं नातं समजलं, म्हणून आज हे सगळं नीट लिहून काढतो, घरी करून पाहायचा प्रयोग पण सांगतो.

स्प्रिंकलर सगळ्यांनीच लावला असेल. मोटार चालू ठेवून सगळे नोझल बंद करा, मग मोटारीजवळ जेवढं प्रेशर तेवढंच धुऱ्याजवळच्या शेवटच्या पाइपात, मधे पाइप बंडीखाली येऊन चेपलेला असला तरी काहीच कळणार नाही. आता नोझल उघडा, पाणी धावायला लागू द्या. मोटारीजवळचा नोझल झपाझप फिरते आणि शेवटचा जागच्या जागी कण्हत राहते. पाइप तोच, चेपलेली जागा तीच, पण पाणी धावल्याशिवाय ती जागा प्रेशर खात नाही. विजेचं अगदी हेच आहे. प्रेशर म्हणजे व्होल्टेज, ते व्होल्टमध्ये मोजतात. किती पाणी धावून राहिलं ते म्हणजे करंट, ॲम्पिअरमध्ये. आणि पाइपाची अडवणूक म्हणजे रेझिस्टन्स, ओहममध्ये. शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असं लिहिलेलं असते ते हेच तीन.

हिशोब एका ओळीचा आहे, व्होल्ट म्हणजे ॲम्पिअर गुणिले ओहम. दोन माहीत असले की तिसरा निघतो, ॲम्पिअर पाहिजे तर व्होल्टला ओहमने भागा, ओहम पाहिजे तर व्होल्टला ॲम्पिअरने भागा. पाठ करू नका, एकदा हाताने करून पाहा म्हणजे डोक्यातून जात नाही.

फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरी असतेच, पऱ्हाटीची फवारणी झाली की ती मोकळीच पडलेली राहते. ती काढा. तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १०० ओहम ५ वॉटचे दोन रेझिस्टर आणा, पांढऱ्या सिमेंटचे चौकोनी असतात, काही रुपयांत मिळतात. आणि साधं डिजिटल मल्टीमीटर, ते ८३० नंबरचं सगळीकडे मिळते ते चालते. आधी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा, चांगली चार्ज असली तर १२.६ च्या आसपास दाखवेल. मग लाल वायर मीटरच्या १० ॲम्पिअरच्या भोकात टाका, चकती पण १० ॲम्पिअरवर फिरवा, आणि बॅटरीचा प्लस, मीटर, एक रेझिस्टर, बॅटरीचा मायनस अशी एका मागे एक साखळी करा. १२.६ भागिले १०० म्हणजे ०.१२६, मीटर ०.१२ किंवा ०.१३ दाखवेल. दुसरा रेझिस्टर पहिल्याच्या मागे जोडला की २०० ओहम झाले, करंट निम्मा, ०.०६. दोन्ही शेजारी शेजारी म्हणजे पॅरलल लावले तर करंटला दोन वाटा झाल्या, ५० ओहम, ०.२५ च्या आसपास. हे आकडे स्वतःच्या मीटरवर येताना पाहिले की वेगळंच समाधान वाटते, मला आजही वाटते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मीटर ॲम्पिअरवर असताना ते कधीच सरळ बॅटरीच्या किंवा लाईनच्या दोन टोकांना लावायचं नाही. ॲम्पिअरवर मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो, १२ ला जवळपास शून्याने भागून पाहा म्हणजे किती करंट धावेल ते समजेल, बॅटरीवर ठिणगी उडून मीटर जाते आणि २३० व्होल्टवर तर हात भाजतो, डोळ्याला इजा होते. त्या १० ॲम्पिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये फ्यूज पण नसतो. आणि हे मीटर एसी करंट मोजत नाही, मोटारीचा करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागते, वायरीभोवती नुसता जबडा बसवायचा.

आता खरा प्रयोग, ज्याच्यासाठी दोन रेझिस्टर आणायला सांगितले. पहिला रेझिस्टर म्हणजे सडलेला जॉइंट समजा, दुसरा म्हणजे मोटार. फक्त पहिला बॅटरीच्या प्लसला जोडा, मोटार जोडू नका. मीटर परत डीसी २० व्होल्टवर आणा, लाल वायर पण परत व्होल्टच्या भोकात, आणि त्या रेझिस्टरच्या मोकळ्या टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. पूर्ण १२.६! मधे १०० ओहमचा अडसर असून पूर्ण व्होल्टेज. कारण व्होल्टवर असताना मीटरच्या पोटात दहा लाख ओहम असतात, करंट इतका बारीक धावतो की १०० ओहमवर काही पडतच नाही. आता मोटार म्हणजे दुसरा रेझिस्टर जोडा आणि त्याच जागी मोजा. ६.३. अर्धं व्होल्टेज गेलं, आणि तुम्ही काहीच बिघडवलं नाही, फक्त करंट धावायला लागला. विहिरीवर मोटार बंद ठेवून २२५ दाखवते आणि चालू केली की मोटार कण्हते ते याच्यामुळे. टेस्टर लावून दिवा लागला म्हणजे लाईन बराबर आहे असं समजणारे पण इथंच फसतात, टेस्टरला तर नावापुरताच करंट लागतो.

हा नियम जॉर्ज सायमन ओहम या जर्मन मास्तराने काढला, म्हणून ओहमचा नियम. तो कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा, शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि त्याने पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊनच करंट किती कमी होतो ते पाहिलं. त्या काळच्या बॅटऱ्या एकसारखं व्होल्टेज देत नव्हत्या म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांचा जोड एका बाजूने गरम, एका बाजूने थंड ठेवून त्यातून वीज घेतली. १८२७ मध्ये पुस्तक छापलं, सुरुवातीला त्याच्याच देशात फार कोणी मनावर घेतलं नाही, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले मेडल दिलं. लांब तारेचा तोच प्रश्न आज आपल्या वावरात आहे, म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

नियमाला एक अट आहे, तापमान तेच राहिलं पाहिजे. घरात जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब असेल तर बाहेर काढून, थंड असताना मीटरच्या ओहमवर मोजा, साधारण ४० ओहम दाखवेल. पण २३० व्होल्टवर १०० वॉट म्हणजे ०.४३ ॲम्पिअर, म्हणजे पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स ५२९ ओहम पाहिजे. दोन्ही आकडे खरे आहेत, आतली तार दोन हजार डिग्रीच्या वर तापते आणि तापली की अडवणूक वाढते. तांब्याचं पण तसंच, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के. मे महिन्यात उन्हात पडलेली काळी केबल ६० डिग्रीला गेली तर २० डिग्रीच्या हिशोबापेक्षा रेझिस्टन्स १६ टक्के जास्त.

आता वावरातला हिशोब. समजा स्टार्टरच्या पेटीपासून विहीर १५० मीटर, सिंगल फेज दीड एचपी मोटार, करंट १० ॲम्पिअर. वीज जाते आणि न्यूट्रलने परत पण येते, म्हणून तार ३०० मीटर धरायची, इथंच खूप जण अर्धा हिशोब करतात. तांब्याच्या अडीच एमएम (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ८ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.४ ओहम. १० ॲम्पिअर गुणिले २.४ म्हणजे २४ व्होल्ट रस्त्यातच गेले. पेटीत २१० येत असतील तर मोटारीला १८६. तीच केबल चार एमएमची, किलोमीटरला ५ ओहम, तर १५ व्होल्ट. सहा एमएमची, ३.३ ओहम, तर १० व्होल्ट. आणि ते गेलेले व्होल्ट कुठंतरी जातातच ना, २४ व्होल्ट गुणिले १० ॲम्पिअर म्हणजे २४० वॉट, मोटार चालते तेवढा वेळ केबल तापवण्यात चालले. ॲल्युमिनियमची तार असेल तर तांब्याच्या दीडपट जाड घ्या, सहा एमएम ॲल्युमिनियम म्हणजे चार एमएम तांब्याएवढं. थ्री फेजला एका बाजूच्या लांबीला दोनऐवजी १.७३ ने गुणतात, बाकी गोष्ट तीच. मोटारीत हा गुणाकार अगदी नेमका येत नाही, एक-दोन व्होल्ट इकडंतिकडं, पण केबल कोणती घ्यायची ते ठरवायला पुरतो.

मोटार उचलत नाही त्याचं कारण सुरुवातीच्या करंटमध्ये आहे. उभ्या मोटारीला सुटताना चालू करंटच्या चार ते सहापट लागतो. म्हणजे १० ची मोटार एका क्षणाला ४० मागते, आणि २.४ गुणिले ४० म्हणजे ९६ व्होल्ट! जिला आधीच २१० होते तिच्या वाट्याला ढोबळ हिशोबाने ११४ राहिले, व्होल्टेज पडलं की हा सुटतानाचा करंटही थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त. शिवाय सुटतानाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, व्होल्टेज निम्मं झालं तर ताकद पाव. मग ती गूं करत उभी राहते, फिरत नाही म्हणून करंट उतरत नाही, करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज चढत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळते. दहा सेकंदात उचलली नाही तर बंद करा, परत परत हिरवं बटण दाबू नका. आणि चालू मोटार म्हणजे साधा रेझिस्टर नाही, तिला पाणी तेवढंच उचलायचं असते, म्हणून भार असताना व्होल्टेज कमी मिळालं की ती करंट उलट जास्त ओढते. कमी व्होल्टेजने मोटार जळते ती अशी.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. शेजारच्या एका काकांची मोटार जळून दोनदा वाइंडिंग भरून आणली होती, दोन्ही वेळा रब्बीतच. काका म्हणे, "बाबू, डीपीच खराब आहे, तू काहून तार तपासतं?" मी पेटीत मोटार बंद असताना मोजलं, २२६. चालू केली, २१४. म्हणजे डीपीपासून पेटीपर्यंत १२ व्होल्ट पडले, तो भाग आपल्या हातात नाही, त्याच्यासाठी अर्ज द्यावा लागते. मग विहिरीवर गेलो, मोटार चालू असताना तिथं १९२. क्लॅम्प मीटरवर करंट १०.५. विहीर १२० मीटर, येणं-जाणं २४० मीटर, केबल चार एमएम, मधे एक तुकडा सहा एमएम ॲल्युमिनियमचा, म्हणजे रेझिस्टन्स १.२ ओहम, ड्रॉप साडेबारा-तेरा व्होल्ट पाहिजे. २१४ मधून तेरा गेले तर २०१ राहिले पाहिजे होते. नऊ व्होल्ट कुठं गेले?

लाईन पूर्ण बंद केली, मेनचा फ्यूज काढून खिशात घातला, आणि जॉइंट उघडत गेलो. निंबाच्या झाडाखालचा जॉइंट टेपवर टेप गुंडाळून लिंबाएवढा झाला होता, हात लावला तर टेप मऊ, चटका बसेल एवढा गरम. आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार नुसती हाताने पिळलेली, ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा भुगा झालेलं. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना क्लिपा लावल्या, मीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवलं, लांब होऊन लाईन चालू केली. सहा व्होल्ट. एकाच जॉइंटच्या दोन टोकांत. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यूट्रलच्या जॉइंटवर तीन. बाकीच्यांवर अर्धा व्होल्ट पण नाही. सहा आणि तीन नऊ, हिशोब जुळला.

सहा भागिले साडेदहा म्हणजे ०.५७ ओहम. एवढुसा आकडा, पण सहा गुणिले साडेदहा म्हणजे ६३ वॉट, एक साठचा बल्ब त्या टेपच्या गुंडाळीत पेटून राहिला होता. आणि सुटतानाच्या ४० ॲम्पिअरला दोन्ही जॉइंट मिळून ३४ व्होल्ट खात होते. काका जॉइंटकडे पाहत म्हणे, "म्हणजे हे डीपीचं नोयतंच."

कोणी म्हणेल की मग मोटार बंद ठेवून मीटरच्या ओहमवरच जॉइंट मोजायचा, कायले एवढी झंझट? नाही जमत. स्वस्त मीटरच्या वायरीचाच रेझिस्टन्स ०.३ ते ०.५ ओहम असतो, दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहा, शून्य येत नाही. त्याच्यात अर्ध्या ओहमचा जॉइंट सापडतच नाही. करंट धावत असतानाच व्होल्ट मोजले पाहिजे.

मोजताना घ्यायची काळजी. क्लिपा लावणं-काढणं लाईन बंद असतानाच, पायात कोरडी रबरी चप्पल किंवा बूट, जमीन ओली असेल तर खाली कोरडी फळी, सोबत एक जण मेनजवळ उभा. मीटर आधी एसी ७५० किंवा ६०० वर, कारण जॉइंट पूर्ण तुटलेला असला तर सगळे २३० तिथंच दिसतात, आकडा लहान दिसला तरच २०० वर आणा. हे ज्याला करता येत नाही त्याने निदान पेटीत आणि विहिरीवर दोन्ही ठिकाणी मोटार चालू असताना व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या, एवढं मागायचा हक्क आहे तुम्हाला.

जॉइंट कसा करायचा ते पण सांगतो. तांबं आणि ॲल्युमिनियम सरळ पिळायचे नाही, ओलाव्यात दोघांचं जमत नाही आणि ॲल्युमिनियमवर पापुद्रा धरते. तांबं-ॲल्युमिनियम जोडायचे बायमेटलिक लग किंवा कनेक्टर मिळतात ते घ्या, तार चाकूने खरवडून चकचकीत करा, क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा, वरून चांगली टेप, आणि जॉइंट मातीत ठेवू नका, खुंटीवर टांगा. सगळ्यात चांगलं म्हणजे अखंड केबल, जॉइंटच नाही.

हाच हिशोब आपल्या अंगाला पण लागू आहे आणि इथं मला तळमळीने सांगायचं आहे. कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स हजारो ओहम असतो, पण ओल्या हाता-पायांनी तो हजारच्या आसपास येतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ ॲम्पिअर, २३० मिलीॲम्पिअर. जीव जायला याच्यापेक्षा खूप कमी पुरतो, म्हणून तर ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारी स्विच, ३० मिलीॲम्पिअरला पडते. ती बसवून घ्या, मोटारीचं अर्थिंग करून घ्या. आणि रानडुकरासाठी, रोह्यासाठी कुंपणाच्या तारेत सरळ लाईन सोडू नका. झटका मशीन हजारो व्होल्ट देते पण सेकंदातून एकदा आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ, म्हणून जनावर दचकून पळते. सरळ सोडलेली २३० ची लाईन सोडतच नाही, पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस, शेजाऱ्याचं ढोर, वाघ, कोणीही मरते. तो गुन्हा पण आहे.

जॉइंट झाले, आता शेवटचं काम पाच मिनिटांचं. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने आकडे लिहा, तारीख टाकून. काकांच्या झाकणावर आता लिहिलेलं आहे: पेटी बंद २२६, पेटी चालू २१४, विहीर चालू २०१, करंट १०.२. पेटी आणि विहीर यांच्यात फरक १३. पुढच्या चन्याला डीपीवरून २१० येवो की २००, तो फरक १३-१४ च्या आसपासच राहिला पाहिजे, १८-२० झाला की पहिले निंबाच्या झाडाखाली जायचं.